नदीमच्या खोलीतला कागद

१

"चाची, माझा व्हिसा गेला."

गुरुवारी संध्याकाळी वरद खोलीच्या दारात उभा राहून एवढंच बोलला. फातिमा ओट्याशी चहा गाळत होती. तिच्या हातातलं गाळणं तिरकं झालं आणि अर्धा चहा कपाबाहेर सांडला.

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

"ठेवला होता तिथं नाही. पासपोर्ट आहे, इंग्रजी करारपत्र आहे, पैशाचं पाकीट आहे. फक्त तो कागद नाही."

खोली तशी वरदची नव्हती, फातिमाच्या मुलाची होती. नदीम चार वर्षांपूर्वी मस्कतला गेला, दोन वर्षांनी बायकोलाही घेऊन गेला आणि कोपरखैरण्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक खोली बंद पडली. बंद खोलीला ओल धरते, असं म्हणत कासिमने ती भाड्याने द्यायचं ठरवलं. फातिमा आठ दिवस तोंड फुगवून होती. मग साताऱ्याकडचा हा वरद निकम आला, तळोज्याच्या केमिकल कारखान्यात नोकरीला. पहिल्या महिन्यात ती त्याच्याशी धड बोललीसुद्धा नाही. दहाव्या महिन्यात त्याच्या डब्यात न मागता सुक्या जवळ्याची चटणी जायला लागली होती. माणसाचं असंच असतं हो, तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने वाढायचं.

या वरदला दोह्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. सोमवारी कुरिअरने व्हिसाचा कागद आला. वरपासून खालपर्यंत अरबी आणि तळाला निळा शिक्का. वरदने हौसेने तो सगळ्यांना दाखवला. कासिमने चष्मा लावून दोन ओळी अडखळत वाचल्या आणि हसून म्हणाला, "हर्फ, अक्षरं ओळखतो रे बाबा, अर्थ नाही कळत." तो कागद मुंबईतल्या एजंटकडे शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा होता. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

"खोलीला कुलूप होतं ना?" कासिम दुकानातून आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला. "किल्ल्या दोनच. एक तुझ्याकडे, एक माझ्या जुडग्यात. जुडगा दिवसभर दुकानात असतो. मग आत गेलं कोण?"

वरद पुन्हा पाकीट उघडून बघायला लागला. फातिमा कोरडाच ओटा पुसत राहिली. किल्ल्या दोन नव्हत्या, तीन होत्या. तिसरी नदीमची जुनी किल्ली. ती फातिमाच्या शिवणाच्या डब्यात होती आणि ती रोज वापरली जात होती.

२

वरद कामावर गेला की फातिमा ती खोली उघडायची. काही करायची नाही. लेकाच्या पलंगावर दहा मिनिटं बसायची, खिडकीतून खाली बघायची आणि उठून यायची. कधी वरदचे मोजे बादलीत दिसले तर धुऊन टाकायची. नवऱ्याला हे माहीत नव्हतं. परक्या पोराच्या खोलीत चोरून शिरणारी घरमालकीण! हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

सांगितलं तर चोर ठरणार, नाही सांगितलं तर पोराची नोकरी जाणार. रात्री तिने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

"पोलिसात जाऊ या का?" कासिमने विचारलं.

"पोलीस नको!" फातिमा एवढ्या जोरात म्हणाली की तिच्या मुलीने, हादियाने, पुस्तकातून मान वर केली. चार-पाच वर्षांमागे शहरात दंगली झाल्या, त्यानंतर दारात पोलीस म्हटलं की ती आधी कडी लावायची.

"मग समोरच्या जयमालाताईंना बोलवा," हादिया म्हणाली. "कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढलीत त्यांनी. हरवलेले कागद शोधण्याचाच पगार घेत होत्या."

जयमाला प्रधान आल्या त्या गाऊनवर ओढणी टाकून, हातात आपला चहाचा कप घेऊन. बाई रिटायर झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीतच होता.

"हे बघा, मी स्पष्ट बोलते, राग मानायचा नाही. वरद, कागद नेमका कुठे ठेवला होतास?"

"भिंतीतल्या उघड्या कपाटात. सगळ्यात खालच्या फळीवर. घड्या पडल्या होत्या, त्या मोडाव्यात म्हणून वर वजन ठेवलं होतं."

"कसलं वजन?"

वरदने चोरट्या नजरेने कासिमकडे पाहिलं. "सेफ्टी शूज. कंपनीचे. पण ताई, कोरे आहेत, एकदाही घातलेले नाहीत."

कासिमच्या कपाळावर आठी पडली आणि गेली. "असू दे. सरकारी कागदच तो."

"शेवटचा कधी पाहिलास?"

"मंगळवारी पहाटे निघताना. मग लागोपाठ डबल शिफ्ट लागली, रात्र कंपनीतच काढली. काल रात्री आलो तो सरळ झोपलो. आज बघतो तर कागद नाही आणि बूट खाली जमिनीवर, शेजारी शेजारी ठेवलेले. मी नाही ठेवले."

जयमालाबाईंनी खोली पाहिली. कुलूप शाबूत, खिडकीला जाळी, पाकीट जागच्या जागी. त्यांनी खालच्या फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. धूळ नव्हती.

"घरी कोण येऊन गेलं?"

"रविवारी शिवराम आला होता, माझा मित्र. त्यानेही त्याच नोकरीसाठी इंटरव्ह्यू दिला होता. त्याचं झालं नाही."

"पण कागद आला सोमवारी. शिवराम सुटला. हादिया, तू?"

"मी?" हादिया उसळली. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, हॉलमध्ये अभ्यास करायची, आणि भावाची खोली मला द्या म्हणून दहा महिने भांडत होती. "ताई, हा दोह्याला गेला की खोली मला मिळणार. मी त्याचा व्हिसा लपवीन की त्याची बॅग भरून देईन?"

"बरोबर बोललीस," जयमालाबाई म्हणाल्या आणि चहाचा शेवटचा घोट घेतला. "म्हणजे कागद नेणारा माणूस असा असला पाहिजे, ज्याला हा पोरगा जायला नको आहे."

सोमवारी कासिम वरदला काय म्हणाला होता ते सगळ्यांनाच आठवलं. कशाला जातोस रे, इथं काय कमी आहे? कासिमने मान खाली घातली. आणि फातिमा मनात म्हणाली, या अल्ला, त्यांच्यापेक्षा मलाच जास्त नको आहे.

३

शुक्रवारी सकाळी गोजरा कामाला आली. शेजारच्या बोनकोडे गावची, वय पन्नाशीच्या पुढे, कासोट्याचं लुगडं आणि तोंडाने फटकळ. सहा वर्षं ती या घरात केर-लादी करत होती. आजवर चमचासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

तरी फातिमाने विचारलंच. 

"गोजरा, वरदचा एक कागद हरवलाय. त्याच्या नोकरीचा. तू पाहिलास काय?"

"नोकरीचा? नाय गो भाबी. मी कशाला त्याच्या कागदाला हात लावू?" गोजराने फडकं पिळलं. "पन त्या पोराला जरा शिकवा. चांगला हाय, पन बूट कुठं ठेवावं त्याचा काय पाचपोच नाय."

फातिमाचं लक्ष नव्हतं. घड्याळात दहा वाजत होते. उद्याच्या बाराला सव्वीस तास. वरद रजा टाकून घरी बसला होता, न जेवता, नुसता भिंतीकडे बघत. परतीची वाट त्याने स्वतःच बंद केली होती. कंपनीला राजीनामा देऊन झाला होता आणि गावी आईने शेजारणींना पेढे वाटले होते.

"वरद, दोन घास खा रे."

"नको चाची." मग हळूच, "तुम्ही टेन्शन घेऊ नका."

हे ऐकून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचं गेलं तोच मला समजावतोय, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसलेय.

दुपारी कासिम जुम्याच्या नमाजाला गेला. वरदला जयमालाबाईंनी आपल्याकडे जेवायला ओढून नेलं होतं. फातिमा खोलीत गेली आणि कपाटासमोर उभी राहिली. बुधवारपासून तिला त्या कपाटात काहीतरी खटकत होतं. वरच्या तीन फळ्या नेहमीसारख्या, मराठी वर्तमानपत्र अंथरलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. खालची फळी उघडी. नुसतं लाकूड.

तिथेही वर्तमानपत्र होतं की! नदीमने पहिल्या सुट्टीत मस्कतहून कपबशा आणल्या होत्या, त्या गुंडाळलेला अरबी पेपर. त्यावर साबणाची मोठी जाहिरात होती. फळीवर तो त्यानेच अंथरला होता. रोज इथे बसून फातिमा ती जाहिरात बघायची. ती गेली होती.

ती तशीच अनवाणी समोरच्या दारी धावली.

४

"जुना पेपर?" जयमालाबाईंनी ताटावरून मान वर केली. "सांग, सांग. नीट सांग."

फातिमाने सांगितलं. वरद घास हातात धरून ऐकत होता. बाई उठल्या, हात धुतला आणि येरझारा घालायला लागल्या.

"काल मी चुकले. काल मी विचारत होते की व्हिसा कुणाला हवा होता. फातिमा, तीस वर्षं मी एक गोष्ट शिकले. फाइल चोराने नेली तर ती सापडते, कारण चोराला काय हवं ते आपल्याला कळतं. पण कुणी नीट ठेवली ना, मग मेलो! चोर परवडला, पण नीट ठेवणारा माणूस नको. आता बघ. व्हिसा चोरणाऱ्याला साबणाची जाहिरात कशाला हवी? आणि तो बूट शेजारी शेजारी मांडून, फळी पुसून जाईल? मराठी पेपर तसेच. इंग्रजी करारपत्र तसंच. मग नेलं काय काय?"

"अरबी," वरद म्हणाला. "फक्त अरबी."

"म्हणजे त्या माणसाने व्हिसा नेलाच नाही. त्याने अक्षरं नेली. तुम्ही चौघांनी सोमवारी तो कागद पाहिला होता, तो कशाचा आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून हे तुमच्यातल्या कुणाचं काम नाही. नेणाऱ्याला वाचता येत नाही, पण ही अक्षरं बुटाखाली असू नयेत एवढं त्याला कुणीतरी पक्कं शिकवलंय. असं कोण आहे?"

फातिमाला एकदम आठवलं. गेल्या रमजानची गोष्ट. कुराणाच्या सिपाऱ्याचं एक सुटं पान वाऱ्याने खाली पडलं होतं आणि गोजराने त्यावर केर भरला. फातिमा तिच्यावर भडकली होती. ही अक्षरं अल्लाची, ती पायाखाली नाही यायची, दिसली की उचलायची, जुनी झाली की खाडीच्या पाण्यात सोडायची. कुठली अक्षरं कलामची आणि कुठली बाजारातली, हे समजावत बसायचा तिला कंटाळा आला होता. गोजराने कानाला हात लावून माफी मागितली होती.

"गोजरा," फातिमा पुटपुटली आणि रमजानची ती गोष्ट सांगून टाकली.

"मलाही तीच वाटते. पण ती आत गेली कशी? खोलीला कुलूप होतं."

झालं. यायचा तो प्रश्न आला. फातिमाने वरदकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

"मी उघडली. माझ्याकडे नदीमची किल्ली आहे. मी रोज जाऊन बसते तिथं. मंगळवारी बसले होते आणि हॉलमध्ये फोन वाजला. मस्कतचा. मी दार तसंच टाकून धावले. दहा मिनिटं बोललो असू. गोजरा लादी पुसत होती. वरद, मी तुझ्या कशाला हात लावला नाही रे, कसम खाऊन सांगते."

वरदने घास ताटात ठेवला. "चाची, मला माहीत होतं."

"काय?"

"मी मोजे बादलीत टाकून जातो आणि परत येतो तर ते घडी घालून उशीपाशी. मला काय वाटणार, भुताने धुतले?" तो जरासा हसला. "काल चाचा दोनच किल्ल्या म्हणाले तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर सगळ्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं असतं."

 फातिमाने पदराने नाक पुसलं.

"रडणं मागाहून," जयमालाबाई चपला शोधत म्हणाल्या. "आज वार कुठला? शुक्रवार. आणि तू तिला सांगितलं होतंस, पाण्यात सोडायची. रिक्षा बघ रे वरद, पळ!"

५

बोनकोड्यात गोजराचं घर देवळाच्या मागच्या बोळात होतं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिघांना रिक्षातून उतरताना बघून ती उभीच राहिली.

"गोजरा, मंगळवारी खोलीतून अरबी कागद उचललेस काय?" या वेळी फातिमाने प्रश्न बरोबर विचारला.

"तुमच्या देवाचं? व्हय, उचललं. बुटाखाली होतं गो भाबी! मना तर धस झाला. फळी पुसली, लाल कपड्यात बांधलं आनि देव्हाऱ्यात ठेवलं तीन दिवस. हळदकुंकू वाहिलं."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

गोजराने हातातले तांदूळ सुपात टाकले. वरदकडे बघून हळूच म्हणाली, "तुमी एका पानासाठी माझ्यावर केवढं वरडलात. या पोरानं तर बूट ठेवलेलं. सांगितलं असतं तर त्याला घराबाहेर काढलं असतं. परक्या मुलखात पोरगं जाईल कुठं? म्हटलं, आपन झाकावं."

"कुठे आहे आता?" वरदचा आवाज फुटला.

"आज शुक्रवार, तुमचा वार. म्हनून नामाकडं दिलं." नामा म्हणजे तिचा नवरा. "दिवाळे गावाला गेलाय, भावाच्या होडीवर. खाडीत सोडून येतो म्हनला. जाऊन तीन तास झालं."

 जयमालाबाईंनी गोजरालाही रिक्षात कोंबलं. मागे तिघी, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर वरद. बेलापूरपर्यंत फातिमाच्या ओठावर एकच दुआ होती आणि मध्ये मध्ये ती स्वतःलाच बोल लावत होती. हे माझ्या जिभेनं केलं. अर्धवट शिकवलं मी. कालच तोंड उघडलं असतं तर कागद देव्हाऱ्यात सापडला असता. गोजरा मुसमुसत होती. आता तिला कळलं होतं की ते देवाचं नव्हतं, पोराच्या पोटाचं होतं.

दिवाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले होते. टोपल्यांमधून वाट काढत ते धक्क्यापर्यंत पोचले. नामा होडीच्या काठावर बसून जाळं सांधत होता.

"सोडलंस?" गोजरा लांबूनच ओरडली. "नामा! ते सोडलंस काय?"

नामाने शांतपणे मान वर केली. "कशात सोडू? पानी हाय कुठं? ओहोटी लागलेय, बघ ना." खरंच, समोर लांबपर्यंत नुसता काळा चिखल पसरला होता. "चिखलात टाकू देवाचा कागद? भरती पाचाला हाय. तवा सोडीन."

त्याने डोलकाठीकडे बोट दाखवलं. तिथे, हात पोचणार नाही अशा उंचीवर, माशाचं पाणी उडू नये म्हणून लाल कपड्यातली पुरचुंडी बांधून ठेवली होती. वरद चढायला लागला तर नामा ओरडला, "ए, चपला काढ आदी!"

वरदने चपला काढल्या. पुरचुंडी उघडली. साबणाची जाहिरात, तिच्या आत जसाच्या तसा व्हिसा, निळा शिक्का आणि कोपऱ्यात हळदीचं बोट. तो होडीतच बसून शिक्क्यावरून बोट फिरवायला लागला. ज्या अदबीने कागद घालवला होता, तिनेच तो राखलाही होता. जयमालाबाई म्हणाल्या की तीस वर्षांत अशी रेकॉर्ड रूम पाहिली नाही.

फातिमाने गोजराचा हात धरला. "चूक माझी. तुला मी नीट सांगितलंच नाही."

"भाबी, हळद निघंल काय?" गोजराला तेवढीच काळजी होती.

६

हळद निघाली नाही. रात्रभर फातिमाला एकच घोर. तेवढ्या डागावरून परत पाठवलं तर? शनिवारी सकाळी वरद सातलाच निघाला. तिने त्याच्या खिशात खजूर कोंबले, कपाळाकडे बघून दुआ फुंकली आणि मग बारा वाजेपर्यंत घरात एक काम धड केलं नाही. डाळ करपली. हादियाने मुकाट्याने दुसरी टाकली.

साडेबाराला फोन वाजला.

"चाची, घेतला! खिडकीतल्या बाईने विचारलं, हे पिवळं काय? म्हटलं, घरच्यांनी पूजा केली. हसायला लागली. झालं चाची. पुढच्या गुरुवारचं विमान आहे. आधी गावी जाऊन आईला भेटून येतो, उद्याच निघतो."

"मुबारक, बेटा. मुबारक," फातिमा म्हणाली. "जेवलास काय?"

"जेवतो आता."

तिने फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून हुंदके द्यायला लागली. कासिम जेवायला घरी आला होता. तो हात न धुताच धावत आला.

"काय झालं? नाही घेतला काय कागद?"

"घेतला. गुरुवारी जातोय."

"अगं मग झालं ना! दोन दिवस तू देवाला साकडं घालत होतीस की कागद मिळू दे. मिळाला ना? आता कशाला रडतेस?"

"मिळाला म्हणूनच," फातिमा म्हणाली. "नदीम गेला तेव्हा निदान मी त्याच्यामागे धावले होते, नको जाऊ म्हणून. याच्या वेळी तर मीच धावत जाऊन कागद शोधून दिला."